मामाचा जुनो-१०६ : लोक या डब्यासाठी एवढे वेडे का?

भाचेबुवा

मंडळी, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत असताना पेटीच्या क्लासला घातलं होतं. तीन महिन्यांनी मास्तरच घरी आले आणि फी परत देऊन गेले.

तर विषय असा. माझा मामा बोटीवर होता. १९८६ साली जपानहून येताना त्याने एक कीबोर्ड आणला. आमच्या चिपळूणच्या घरात त्याला सगळे 'कॅसिओ' म्हणायचे आणि मामा दर वेळी चिडायचा, "कॅसिओ नाही रे, रोलँड आहे!" मामा जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईने माळा आवरायला काढला तेव्हा गोधडीत गुंडाळलेला तो खाली आला, डांबरगोळ्यांच्या वासासकट. नाव रोलँड जुनो-१०६. सोबत एक जडशीळ लोखंडी ट्रान्सफॉर्मर, एक दोनशेपानी वही आणि चार कॅसेट.

सहज नेटवर किमती पाहिल्या आणि शून्यं दोनदा मोजली.

आता विकू, दुरुस्त करू की ठेवू? आणि मुख्य म्हणजे लोक याच्यासाठी एवढे वेडे का आहेत? माझ्या फोनमधल्या फुकट अ‍ॅपमध्ये शेकडो आवाज आहेत. याच्यात म्हणे एका वेळी सहाच सूर वाजतात. त्यात कौतुक कसलं?

ता.क. चुलतभावाने उत्साहात ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. 'फट्' असा आवाज आला. तेव्हापासून शांतता.

काळी_चार

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

सोल्डरगन

चुलतभावाला आधी दोन खोल्या लांब बसवा.

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्ट असते. म्हणजे तुमचा मामा ट्रान्सफॉर्मर हौसेने वाहून आणत नव्हता. २३० व्होल्ट थेट गेल्यावर 'फट्' झालं, तो बहुतेक फ्यूज असणार, आणि फ्यूज उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. त्याच अँपियरचा नवा घाला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवू नका, आपल्याकडे ती कला फार आहे. ट्रान्सफॉर्मर मल्टिमीटरने तपासा, पलीकडे १०० च्या आसपास दाखवतोय का बघा आणि मगच लावा. नवा लागला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

आणि काहीही करा, पण अजून विकू नका.

आगाऊ_कार्टं

सहाच सूर? सातवा 'नी' कंपनीने वेगळा विकायला ठेवला असेल :)

काळी_चार

आलो. मी ८० च्या दशकाच्या शेवटी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, आता बँकेतून निवृत्त. भाचेबुवा, 'सहाच सूर' हा प्रश्न तुम्ही गमतीत विचारला असला तरी सगळी गोम तिथेच आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पेटी डोळ्यांसमोर आणा. पाच चाव्या एकदम दाबल्या तर पाचही सूर वाजतात. पण भाता एकच. भाता जोरात मारलात की पाचही सूर एकदम फुगणार, सोडलात की पाचही एकदम बसणार. एक सूर नुकताच उगवतोय आणि त्याच वेळी दुसरा विझतोय, असं पेटीत होत नाही. ७० च्या दशकातली स्ट्रिंग मशिन्स बऱ्याच अंशी अशीच होती. चाव्या भरपूर, पण ध्वनीला आकार देणारी यंत्रणा सगळ्यांत मिळून एक.

आता अशी पेटी कल्पा की प्रत्येक सुराला स्वतःचा भाता आहे, आणि आवाज किती उजळ निघावा ते ठरवणारी स्वतःची झडपही. पहिली चाव दाबली, तिचा सूर सावकाश फुलायला लागला. दुसरी दाबली, ती आपल्या वेळेने फुलते. पहिली सोडली, ती रेंगाळत विझते, दुसरीला त्याचं काही नाही. खरा पॉलिफोनिक (अनेकसुरी) सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, तो हा. जुनोत अशा सहा स्वतंत्र पेट्या आहेत. त्यांना व्हॉइस म्हणतात. प्रत्येकीत ध्वनी जन्माला घालणारा ऑसिलेटर, धार कापणारा फिल्टर, आवाज उघडणारा-मिटणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि या सगळ्याला वेळेत हलवणारं एन्व्हलप. चाव्या ६१, कारागीर सहा आणि आत बसलेला मायक्रोप्रोसेसर हा मुकादम. चाव दाबली की मुकादम मोकळ्या कारागिराला पाठवतो. सातवी दाबलीत तर एकाला हातातलं काम टाकून यावं लागतं.

अ‍ॅनालॉगच्या काळात यातला प्रत्येक कारागीर म्हणजे खरोखरचं सर्किट होतं. सुटे भाग, सोल्डर, पैसे. म्हणून सहा ही चैन होती. तुमच्या फोनला सूर वाढवायला काहीच पडत नाही, म्हणून त्याचं कौतुकही नाही.

भाचेबुवा

काळी_चार, हे तुम्ही आमच्या क्लासच्या मास्तरांच्या जागी असतात तर मी आज कलाकार असतो. पेटीवरून लगेच समजलं.

सॅनहोजेकर

मुकादमाचा उल्लेख आला म्हणून थोडा इतिहास. मी राहतो त्या शहरात हा मुकादम पहिल्यांदा नीट कामाला लागला, त्यामुळे मला हे सांगायचा मान द्या.

१९७० चा मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवायचा. १९७५ मध्ये ओबरहाइमचा फोर व्हॉइस आला. चार सूर, पण चार वेगवेगळी मॉड्यूल एकाच पेटीत. आवाज बदलायचा तर चारही मॉड्यूलची बटणं एकेक करून सारखी लावा. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये हे करून दाखवा! त्यानंतर यामाहाचा सीएस-८०, आठ व्हॉइस, प्रत्येक चाव दाबल्यावरही बोटाचा जोर ओळखणारी. 'ब्लेड रनर'चं संगीत व्हँजेलिसने ज्यावर केलं तो. वजन शंभर किलोच्या आसपास.

मग १९७८. इथल्या सीक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथने प्रॉफेट-५ आणला. पाच व्हॉइस, आत झेड-८० प्रोसेसर. नवल म्हणजे तुम्ही लावलेला आवाज तो लक्षात ठेवायचा. सुरुवातीला असे ४० आवाज. बटण दाबलं की तोच आवाज परत. आज यात काही वाटत नाही, तेव्हा स्टेजवरच्या माणसाला हे वरदान होतं.

याच स्मिथने पुढे रोलँडच्या इकुतारो काकेहाशींबरोबर मिडीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं अशा सामायिक भाषेसाठी, पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा जुपिटर-६ एका वायरने जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या! २०१३ मध्ये दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. मामांच्या जुनोच्या मागेही ती मिडीची पाच टाचण्यांची भोकं असणार, बघा.

गंधारपंचम

चर्चा वाचतोय. एक मूलभूत शंका : आपल्याला सहा सूर एकदम हवेतच कशाला? आपलं संगीत एका सुरावर उभं आहे. एक सूर लावायला आयुष्य जातं, आणि इथे सहा एकदम, तेही समान अंतरांच्या पट्टीत कोंबलेले. पेटीवर १९४० साली रेडिओने बंदी घातली ती उगाच नाही. पेटीला निदान मींड येत नाही याची लाज तरी वाटते. या यंत्राला ती दांडी आहे ना सूर वाकवायची? ती हलवली की सहाच्या सहा सूर एकदम वाकणार. म्हणजे कोरसमध्ये सगळ्यांना एकदम उचकी.

आगाऊ_कार्टं

"सगळ्यांना एकदम उचकी" फ्रेम करून लावणार आहे.

काळी_चार

गंधारपंचम, रागदारीसाठी हे वाद्य नाही, मान्यच. पण तंबोऱ्याचं काय? जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात लावता, आणि कान लावून एखाद्या केसाइतका फरक राहू देता ना? त्या फरकातून जी लाट येते तिच्यावर तर गवई बसतो. घोडी आणि तारेच्या मध्ये दोरा सरकवून जवारी काढणारा माणूस अ‍ॅनालॉग सिंथवाल्याचा थोरला भाऊ आहे, असं माझं मत. दोघांनाही नुसता शुद्ध सूर नको असतो, तो *हलायला* हवा असतो.

जुनी बास-मेल पेटी आठवा. दोन रीड एका चावीवर. तंतोतंत जुळवल्या तर आवाज मेलेला वाटतो.

गंधारपंचम

तंबोऱ्याला मध्ये आणू नका. तिथे माणसाचा कान आहे, इथे कारखाना. (पण जवारीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, हे खाली बारीक अक्षरात लिहितो.)

बेडरूम_निर्माता

एक पिन टोचू का? "अ‍ॅनालॉग सिंथ तापमानाने थोडा सरकतो, प्रत्येक व्हॉइस थोडी वेगळी, म्हणून ऊबदार" ही पोथी सगळे वाचतात. प्रॉफेटला ते लागू आहे, त्याला तर सूर जुळवून घ्यायला वेगळं 'ट्यून' बटणच आहे. पण जुनो-१०६ मध्ये डीसीओ आहे. डिजिटल टायमरने बांधलेला ऑसिलेटर. तो सरकत नाही. म्हणजे तुमची जवारीची गोष्ट इथे लागूच होत नाही. सगळ्या व्हॉइस एका घड्याळावर शिस्तीत चालतात.

मग उरलं काय? नॉस्टॅल्जिया. त्याच्या आवाजाची प्लगइन्स (तोच आवाज काढणारी संगणकावरची सॉफ्टवेअर) आहेत, थोड्या पैशात, शंभर व्हॉइस, माळ्यावरची धूळ नाही. भाचेबुवा, विका आणि मजा करा.

सोल्डरगन

अर्धं बरोबर, अर्धं नाही.

डीसीओमध्ये डिजिटल आहे ते फक्त घड्याळ. ध्वनीची लाट अ‍ॅनालॉगच बनते. कपॅसिटर सावकाश भरत जातो, आणि टायमरने टिचकी वाजवली की एकदम रिकामा होतो. भर, रिकामा, भर, रिकामा. सेकंदाला ४४० वेळा झालं की वरचा एक सूर. व्हीसीओमध्ये, म्हणजे प्रॉफेटमधल्यासारख्या जुन्या ऑसिलेटरमध्ये, टिचकी कधी वाजवायची तेही अ‍ॅनालॉग सर्किटच ठरवतं, म्हणून खोली तापली की ते चुकायला लागतं. मे महिन्यात बिनपंख्याच्या हॉलमध्ये व्हीसीओवाला सिंथ घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. रोलँडने टिचकी घड्याळाच्या ताब्यात दिली आणि प्रश्न मिटवला. तालाला लेहरा धरणारा पक्का मिळाला, बाकी वाजवणं हाताचंच. पुढचा फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर तर पूर्ण अ‍ॅनालॉग. फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वर नेलात तर ऑसिलेटर बंद असतानाही तो स्वतःच शीळ घालायला लागतो.

आता तुमचं अर्धं बरोबर : एका व्हॉइसला एकच डीसीओ. मोठ्या भावाला, म्हणजे १९८१ च्या जुपिटर-८ ला, एका व्हॉइसला दोन व्हीसीओ होते. आठ व्हॉइस, सोळा ऑसिलेटर. जुनो ही स्वस्तातली आवृत्ती. कोरस बंद करून ऐकलात तर जुनो साधाच वाटतो, थोडा कोरडा.

पण कोरस चालू करा!

काळी_चार

अगदी! कोरस बंद जुनो म्हणजे बिनफोडणीचं वरण.

आगाऊ_कार्टं

रोमन पुराणात जुनो ही जुपिटरची बायको. नवरा सोळा ऑसिलेटर उडवणार आणि बायको सहांत संसार करणार. इतिहास सगळीकडे सारखाच.

मावळतीची_झुळूक

कोरस म्हणजे काय ते कोणी मराठीत सांगेल का? मी फक्त गाण्यामागच्या बायका समजत होते.

सोल्डरगन

झुळूकताई, मूळ कल्पना तीच. दहा जण एक सूर गातात, पण कोणी किंचित मागे, कोणी किंचित वर. जुनोत हे एका खास प्रकारच्या चिपने केलंय. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागर हातोहात पुढे द्यायची, तसं. आवाजाचा एक थेंब पहिल्या कप्प्यात, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, असे २५६ कप्पे. शेवटच्या माणसाकडे पोचेपर्यंत आवाजाला क्षणभर उशीर होतो. आता रांगेचा वेग सतत सावकाश कमी-जास्त करत राहायचं, की उशीर बदलतो आणि सूर किंचित वर-खाली डुलतो. असा डुलणारा आवाज मूळ आवाजात मिसळला की एकाचे अनेक झाल्यासारखे वाटतात. जुनोत अशा दोन रांगा आहेत, एक डाव्या कानाला, एक उजव्या. एक वेग घेते तेव्हा दुसरी मंदावते. म्हणून हेडफोनवर आवाज डोक्याच्या बाहेर पसरल्यासारखा वाटतो.

बटणं दोनच, १ आणि २. दुसरं जास्त भरभर डुलतं. वेग, खोली, काही बदलता येत नाही. आणि घागरी हातोहात देताना पाणी सांडतं तसा मागे बारीक 'स्स्स' आवाज येतो. प्लगइनवाल्यांनी तो 'स्स्स'सुद्धा मुद्दाम घातलाय, बेडरूम_निर्माता सांगतील.

बेडरूम_निर्माता

हो, घातलाय, आणि तो बंद करायचं बटणही दिलंय :) प्रगती यालाच म्हणतात.

बरं, वाद नको, प्रयोग करू. माझ्या मित्राकडे जुनो-६० आहे, १९८२ चा. त्याची आणि प्लगइनची एकच सुरावट रेकॉर्ड करून खाली दोन क्लिप टाकतोय, अ आणि ब. ओळखा.

मावळतीची_झुळूक

अ खरा. त्यात जीव आहे.

काळी_चार

ब. नक्की ब. अ फार गुळगुळीत आहे.

गंधारपंचम

दोन्ही बेसूर.

बेडरूम_निर्माता

आठ उत्तरं आली (गंधारपंचम यांचं धरलेलं नाही). चार बरोबर, चार चूक. अ खरा होता. काळी_चार साहेब, क्षमस्व.

काळी_चार

हरलो. कान साठीचे झालेत, असं म्हणून मी सटकतो. पण एक सांगू? मी कधी सुरावट *ऐकायला* सिंथ घेतला नाही, वाजवायला घेतला. तुमच्या मित्राला विचारा, प्लगइन असताना तो ६० कशाला ठेवतो.

बेडरूम_निर्माता

विचारलं. म्हणाला, "प्लगइनवर मी आवाज निवडतो. याच्यावर बनवतो. निवडण्यात रात्र जाते."

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल, कारण माझ्याही रात्री गेल्यात.

हमामात्सुकर

उशिरा आलो, इथे पहाट आहे. मी गाड्यांच्या कामासाठी हमामात्सुला आहे, आमच्यासारखे बरेच मराठी लोक इथे त्याच कामाला आलेत. गंमत म्हणजे यामाहा, कवाई, रोलँड तिन्ही याच शहरात. शहराचं वाद्यसंग्रहालय आहे, आपली सतार-सरोदही तिथे काचेआड बसलेत. भारतीय दालनातून निघून इलेक्ट्रॉनिक वाद्यांपाशी गेलं की माझा मुलगा विचारतो, "बाबा, इकडे सतारीएवढी धूळ का नाही?"

भाचेबुवांचा मूळ प्रश्न होता, लोक वेडे का. मला वाटतं, जुनोचा दर्शनी भाग बघा. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं : एलएफओ (आवाज सावकाश डुलवणारा), डीसीओ (ऑसिलेटर), एचपीएफ (खालचा भाग कापणारा फिल्टर), व्हीसीएफ (धार कापणारा फिल्टर), व्हीसीए (अ‍ॅम्प्लिफायर), एन्व्हलप, कोरस. आवाज आत ज्या वाटेने जातो साधारण त्याच क्रमाने सरकपट्ट्या मांडल्यात. एका पट्टीला एकच काम. मेनू नाही, दुसरं पान नाही. मी माझ्या मुलाला सिंथ शिकवला तो असाच, बोटाने वाचून.

१९८३ मध्ये याच गावच्या यामाहाचा डीएक्स-७ आला आणि अ‍ॅनालॉगची सद्दी संपली. सोळा सूर, काचेसारखा स्वच्छ आवाज, आतलं गणित स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंगचं. पण वर पट्ट्या नाहीत, बारीक पडदा आणि दाबबटणं. बहुतेकांनी त्यात नवा आवाज बनवलाच नाही, कंपनीने दिलेलेच वाजवले. जुनो-१०६ आला तो त्यानंतरच्या वर्षी, १९८४ मध्ये. म्हणजे निघाला तेव्हाच जुना झालेला होता.

ढोलताशा

कोणी मुंबईबद्दल बोलणार की नाही? १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत जुपिटर-८, टीबी-३०३ (बासचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) एवढ्या तीन रोलँड यंत्रांवर 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. भैरव, यमन वगैरे राग, खाली न थांबणारा ठेका. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या लोकांनी डोक्याला हात लावला, की अ‍ॅसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत म्हणून आम्ही जे नंतर केलं ते या हिंदी सिनेमाच्या वादकाने आधीच केलं होतं! २०१५ मध्ये ते मुंबईतच गेले.

गंधारपंचम, त्यात ३०३ चा एक सूर दुसऱ्यावर घसरतो ना, ती मींडच आहे. एकाच सुराचं यंत्र आहे, तुमची अटही पाळली गेली.

गंधारपंचम

ऐकली. भैरवचा रिषभ मला पटला नाही. दोनदा ऐकली. असो.

मावळतीची_झुळूक

दोनदा! :)

सॅनहोजेकर

अवांतरात भर : अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत १९६९ सालीच मूगचा मोठा सिंथ आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने येऊन बसवला. गीता साराभाई वगैरे मंडळींनी त्यावर टेप केल्या, त्या कित्येक वर्षं तशाच पडून होत्या. आणि त्याच्याही आधी १९५४ च्या 'नागिन'मधली ती बीन, ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइनवर वाजवलेली. एकसुरी, इलेक्ट्रॉनिक. अख्खा देश त्या 'बिनी'वर डोलला.

आगाऊ_कार्टं

म्हणजे सापही फसले.

भाचेबुवा

अपडेट! ट्रान्सफॉर्मर तपासला, ९८ व्होल्ट दाखवतो. फ्यूज बदलला. दिवे लागले! आईने निरांजन आणलं, मी थांबवलं.

आता तीन तक्रारी. एक, आवाज येतो पण कुठलेही आकडे दाबले तरी कचरा आवाज. दोन, वाजवताना मध्येच एखादा सूर गायब. तीन, पट्ट्या हलवल्या तरी कधी फरक पडतो, कधी नाही.

सोल्डरगन

अभिनंदन! क्रमाने.

एक : स्मरणशक्ती जपणारी आतली लिथियमची बॅटरी एवढ्या वर्षांत संपणारच. तिच्याबरोबर १२८ आवाज गेले. बदलून घ्या. पण थांबा, कॅसेट म्हणालात ना? हे आवाज साध्या कॅसेटवर साठवता यायचे. मागे त्यासाठी भोक आहे. कॅसेट लावल्यावर 'किर्रर्र' असा कर्कश आवाज येत असेल तर तेच मामांचे आवाज.

दोन : गायब होतो तो नेहमी *तीच चाव* दाबल्यावर, की कुठलीही चाव असो, *दर सहाव्या वेळी*? हे फार महत्त्वाचं. 'पॉली १'वर व्हॉइस आळीपाळीने कामाला लागतात. दर सहावा दांडी मारत असेल तर एक व्हॉइस आजारी. या मॉडेलच्या व्हॉइस चिपवर राळेचं आवरण आहे, ते जुनं झालं की चिप बिघडवतं. लोक चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ते आवरण उतरवतात, किंवा नव्याने बनवलेली बदली चिप घालतात. खात्री करायची तर 'की ट्रान्सपोज' दाबून धरून मशीन चालू करा. तपासणी सुरू होते, वाजवाल तसा पडद्यावर व्हॉइसचा आकडा दिसतो.

तीन : 'मॅन्युअल' नावाचं बटण आहे, ते दाबा. मग पट्ट्या जिथे आहेत तसाच आवाज.

आगाऊ_कार्टं

अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर. भाचेबुवा, वहिनींना विचारून घ्या.

सोल्डरगन

ते नको, त्यात अत्तर-तेल असतं! शुद्ध आणा. आणि आधी आकडे सांगा, लगेच खोलायला बसू नका.

भाचेबुवा

आकडे पाहिले. १ ते ६ सगळे वाजतात! गायब होते ती एकच चाव, मधल्या सप्तकातली. वर उचलून बघितलं तर खाली गोधडीचा दोरा अडकला होता. दोरा काढला, सोल्डरगननी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे संपर्क पुसून घेतला, आता ठणठणीत.

कॅसेटचं मात्र वाईट झालं. चारपैकी एकीवर मामाच्या अक्षरात 'जुनो ८७, पुसू नये'. लावली. हरिपाठ. आईच्या आवाजात. आई म्हणाली, "मला काय माहीत? त्याच्यावर नुसतं किर्र वाजत होतं, मी म्हटलं खराब झालीय."

मावळतीची_झुळूक

अरेरे. पण त्यांना काही बोलू नका हं.

गंधारपंचम

कॅसेटचा सदुपयोग झाला.

काळी_चार

वहीत काय आहे?

भाचेबुवा

वहीत सुरुवातीला हिशेब आहेत. मग आवाजांची यादी : 'अ-११ सनई (नको)', 'अ-१४ आरती, मागे हळू', 'अ-४३ पाऊस'. आवाजच गेले तर यादीचा काय उपयोग, म्हणून मी बाजूला ठेवली होती.

तुम्ही विचारलंत म्हणून पुढे चाळली. मागच्या पानांवर पेन्सिलने उभ्या रेघांची रांग काढलेली आहे, प्रत्येक रेघेवर एक आडवी खूण. मला ते विणकामाचं वाटलं.

हमामात्सुकर

भाचेबुवा, ती सरकपट्ट्यांची चित्रं आहेत! डावीकडून मोजा. पहिल्या दोन एलएफओच्या असणार.

सोल्डरगन

फोटो टाका. आत्ता.

भाचेबुवा

टाकलेत. रात्री साडेअकरा वाजता मी आणि बायको 'पाऊस' लावत बसलो. ती वाचणार, मी सरकवणार. सॉ बंद, पल्स बंद, सब खाली, म्हणजे सूर काढणाऱ्या लाटा सगळ्या बंद. नॉईज, म्हणजे नुसती खरखर, पूर्ण वर. व्हीसीएफ फ्रीक्वेन्सी साडेतीनवर, रेझोनन्स दोन. व्हीसीएफमधली एलएफओची पट्टी चारवर, एलएफओचा रेट अगदी खाली. अटॅक (आवाज फुलायचा वेळ) सहा, रिलीज (विझायचा वेळ) सात. 'मॅन्युअल' दाबलं. चाव दाबली.

आधी काहीच नाही. मग लांबून सर यायला लागली. खरंच सर. जवळ येते, कमी होते, परत येते. चाव सोडली तरी पागोळ्या चालूच. पण कोरसच्या जागी चित्रात काय खूण होती ते पुसट झालं होतं, म्हणून मी पहिलं बटण दाबलं.

आई झोपली होती असं मला वाटत होतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा दुसरं दाबायचा. पहिल्याला तो नुसता शिडकावा म्हणायचा."

दुसरं दाबलं.

बेडरूम_निर्माता

व्हीसीएफचा कीबोर्ड फॉलो किती होता चित्रात? मी इकडे प्लगइनवर लावून बघतोय.

भाचेबुवा

शून्य. आणि एचपीएफ एकवर.

काळी_चार

माझ्याकडूनही 'अ-१४ आरती' लावून बघा, सॉ वर असेल आणि अटॅक जरा जास्त. चित्र आहे का त्याचं?

भाचेबुवा

आहे. एकूण एकोणीस चित्रं आहेत. 'सनई (नको)'चं पण आहे. विकणं रद्द. सोल्डरगन, बॅटरी बदलायला पुण्याला घेऊन येऊ का? एसटीने आणला तर चालेल की मांडीवर धरून आणावा लागेल?

सोल्डरगन

मांडीवर. आणि तीच गोधडी गुंडाळा, पण दोरे तोडून.